हरणाऱ्याने घ्यायचं नाव

कामागुए शहरातल्या बागेत बुद्धिबळात हरणाऱ्याने उभं राहून जिंकणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारायचं असतं. एवेलिओवर ती पाळी कित्येक वर्षांत आली नव्हती.

आज त्याच्यासमोर नेरेइदा बसली होती, त्याच्या बुद्धिबळ संघातल्या जुन्या सोबत्याची, एलिसेओची विधवा. छातीवर क्रूसाची खूण करून तिने आपला वजीर थेट त्याच्या राजाला खेटून ठेवला.

"अहो वहिनी, वजीर फुकट? एलिसेओने हेच शिकवलं वाटतं!"

"घ्या ना, भावजी."

एवेलिओने हसत हसत हत्तीने वजीर मारला. तिच्या घोड्याने उडी घेतली आणि शह दिला. राजाला हलायला घर उरलं नव्हतं. भोवती सगळी त्याचीच माणसं, आणि शेवटची वाट त्याच्याच हत्तीने अडवलेली. भोवतालचे बघे पटावर वाकले.

एवेलिओ घाम पुसत उठला. "नेरे..."

"माझं नको. चाल त्यांनी शिकवलेली, त्यांचं नाव घ्या. संघातली आपली जागा राखायला तेच नाव सरकारविरोधी म्हणून पोलीस साहेबांच्या कानात सांगितलंत, आणि माझा माणूस तुरुंगात गेला तो परत आलाच नाही. आज साऱ्या बागेला ऐकू द्या."