शंभर अंशांचा प्रोसेसर

उज्वला गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी कुलदीप शेवाळे ज्ञानू घाडग्यांच्या घरी आले. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, आणि निघताना चपलेत पाय सरकवत म्हणाले, "भाऊ, फ्लॅटवर वहिनींचं नाव जॉइंट आहे. ते कमी करायचा फॉर्म ऑनलाइन असतो. घाई नाय. पण रिडेव्हलपमेंटची फाइल जायचीय."

घाई नाही, हे शेवाळ्यांनी पुढच्या चार महिन्यांत अकरा वेळा येऊन सांगितलं.

कोपरखैरण्याची ती इमारत अशी होती की जेवताना छताचं प्लास्टर ताटात पडायचं. चाळीस बिऱ्हाडं. एकोणचाळीस जणांचे कागद पूर्ण झाले होते. चाळिसावा ज्ञानू. त्याच्या फॉर्मवाचून फाइल हलत नव्हती, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडत नव्हता.

"माझ्या मोबाइलवर भरून टाकू. दोन मिनटांचं काम," शेवाळे म्हणाले.

"बायको माझी. नाव मी कमी करीन," ज्ञानू म्हणाला. शेवाळ्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

ज्ञानू तुर्भ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. तयार कॉम्प्युटर विकत आणणं त्याला कमीपणाचं वाटलं. सुटे भाग आणून घरीच जोडायचं त्यानं ठरवलं आणि सेक्टरातल्या नौमानच्या दुकानात गेला.

"काका, दोन कोरचा प्रोसेसर आता कोण घेतो? सहाचा न्या," नौमान म्हणाला.

"सहा काय करायचेत? एक फॉर्म भरायचाय."

"मग दोन तरी कशाला?"

ज्ञानूनं दोनचाच घेतला. आठवडाभरात कॉम्प्युटर जोडला. बटण दाबल्याबरोबर सुरू झाला. दुसऱ्या कुणीही तिथंच फॉर्म भरून टाकला असता. ज्ञानू म्हणाला, हा याच्याहून जोरात पळू शकतो. कारखान्यातही पाटीवर लिहिलेल्या स्पीडवर त्यानं एकही मशीन ठेवलं नव्हतं.

तो रोज थोडा थोडा स्पीड वाढवू लागला. तीन पॉइंट सात गिगाहर्ट्झवरून चार. चारवरून चार पॉइंट दोन. साडेचारला नेलं की तापमान शंभर अंशांवर जायचं आणि सगळं बंद पडायचं. ज्ञानू वहीत वेळ आणि अंश लिहायचा, चहा प्यायचा आणि परत चालू करायचा.

हळूहळू सगळी सोसायटी त्या प्रोसेसरच्या आजारपणात गुंतली. शेवाळे जिन्यातच विचारायचे, "आज किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे उतार आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्या अस्मिता मॅडमनी टेबलफॅन पाठवला. एका वास्तुवाल्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. केलं. शंभर. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या खाली रोजचं तापमान येऊ लागलं. पाण्याच्या टाकीला तडा गेला होता, पण त्याची चौकशी कुणी करत नव्हतं.

शेवटी एका रविवारी शेवाळे नौमानला धरून घेऊन आले. नौमाननं डबा आडवा केला, चार स्क्रू सोडवले आणि प्रोसेसरवरचा पंखा उचलला. मग तो बघतच राहिला.

प्रोसेसरवर हळदकुंकू होतं. पंख्याखाली उष्णता ओढायला लावतात त्या पेस्टमध्ये तीन तांदूळ रुतून बसले होते.

"काका, ही पूजा कुणी केली?"

ती सगुणाअक्कांनी केली होती. सगुणाअक्का म्हणजे उज्वलाची थोरली बहीण. प्रोसेसर बसवायचा होता त्या दिवशी त्या कोरेगावहून आल्या होत्या. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय चालू करायची नाही, असं त्यांनी बजावलं. डब्याला कुंकू लावणं त्यांना पटेना. "ह्याचा जीव कुठं आसतोय?" त्यांनी विचारलं. ज्ञानूनं प्रोसेसर तळहातावर धरला. अक्कांनी जिवालाच हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या.

"पंखा बसलाच नाही वर. फट राहिली. तापणार नाय तर काय?" नौमान म्हणाला. मग एक तांदूळ नखानं काढत म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस वर्षं मशिनं बसवली. कागदाएवढी फट तुमच्या बोटाला कळते. हे तांदूळ दिसले नाहीत?"

"दिसले की," ज्ञानू म्हणाला.

शेवाळ्यांनी नौमानकडे पाहिलं. नौमाननं खाली मान घालून प्रोसेसर पुसला, नवी पेस्ट लावली आणि पंखा घट्ट बसवला. साडेचारच्या स्पीडला तापमान बासष्ट आलं. वेबसाइट तर माउसवरचं बोट उचलायच्या आत उघडली.

शेवाळ्यांनी खुर्ची जवळ ओढली. चाळीस बिऱ्हाडांच्या नव्या घरांची फाइल त्यांना डोळ्यांपुढं चालताना दिसत होती. नौमाननं फ्लॅटचा नंबर टाकला. सभासदाचं नाव टाकलं. मयत सहसभासदाचं नाव टाकलं, उज्वला ज्ञानू घाडगे. मग त्यानं कीबोर्ड ज्ञानूपुढं सरकवला.

"हं काका. काकी गेल्याची तारीख टाका."

ज्ञानूनं चष्मा लावला. रकान्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही उघडली, बासष्ट अंश लिहिले आणि वही मिटली.

"नौमान," तो म्हणाला, "पाचापर्यंत जाईल का रे हा?"

त्याला आता तीन आठवडे झाले. प्रोसेसर चार पॉइंट नऊवर पळतोय. तारीख भरायची राहिली आहे.