हाफियाचं पान

"चार ओळी," तेक्ला म्हणाली. "त्यातही दीड ओळ बैलाला."

पुस्तक समितीच्या ओरेस्टने चष्मा कपाळावर सरकवला. गावाच्या आठवणींचं पुस्तक न्यायला चार वाजता छापखान्याची गाडी येणार होती. शेवटची नजर टाकता यावी म्हणून सभागृहातल्या लांब टेबलावर एकशे अठरा घरांची पानं मांडली होती. बाकीच्या बायका आपापलं पान बघून कोबीची पानं उकडायला स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. तेक्ला हावरिलुक जागची हलली नव्हती. एकोणऐंशी वर्षांची ती बाई आपल्या घराच्या पानापाशी रागाने उभी होती.

तिने पान मोठ्याने वाचलं. निकोला हावरिलुक १९११ साली मायदेश सोडून, समुद्र ओलांडून या माळावर आले. त्यांनी झाडी तोडून एकशे साठ एकर जमीन लागवडीखाली आणली. त्यांचा सिव्को नावाचा बैल साऱ्या टापूत नावाजलेला होता, चर्चची घंटा स्टेशनापासून त्यानेच ओढून आणली. पत्नी व सहा मुले.

"सासऱ्यांनी झाडी तोडली म्हणे. उन्हाळाभर ते कुठे असायचे, माहीत आहे ना तुला?"

रेल्वेचे रूळ टाकायला, हे ओरेस्टला माहीत होतं. पण तेक्लाला उत्तर नकोच होतं. ती सांगत सुटली. सासरे अकरा उन्हाळे बाहेर होते. जमीन मोडली ती तिच्या सासूने, हाफियाने. तान्ह्या पोराला शालीच्या टोकाने कुंपणाच्या खांबाला बांधून ती पॉपलरच्या झाडांचे बुंधे जाळायची, राख निवली की नांगर धरायची. सरकारी कागद मात्र सासऱ्यांच्या नावाचा, कारण नवरा असलेल्या बाईला जमीन मिळतच नसे. हिवाळ्यात ती बाळंतपणं करत फिरली. तीसच्या वर पोरं तिच्या हातावर जन्मली.

"तू पायाळू, ओरेस्ट. बर्फातून नऊ मैल चालत आली ती तुझ्यासाठी. तुझा बाप तेव्हा गोठ्यात जाऊन रडत बसला होता. त्याला अख्खं पान दिलंस, फोटोसकट."

स्वयंपाकघरात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

हसण्यासारखं तेक्लाला काही दिसत नव्हतं. तिचा नवरा आंद्री गेला होता. दीर-नणंदा कुणी शहरात गेले, कुणी मातीत. हाफियाची सगळी कहाणी माहीत असणारं या गावात आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती गेली की हे पानच तेवढं उरणार होतं, आणि पानात बैलाचं नाव होतं, हाफियाचं नव्हतं.

"तुम्ही पुरुष पुस्तक करायला बसलात की दुसरं काय होणार," ती म्हणाली.

ओरेस्टने ते ऐकून घेतलं. मग त्याने समजावून सांगितलं की समितीने यातला एकही शब्द लिहिलेला नाही. प्रत्येक घराने आपलं पान स्वतः लिहून दिलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, १९८० मध्ये. तेव्हाचे चिटणीस अचानक वारले आणि कागदांची पेटी सभागृहाच्या माळ्यावर पडून राहिली. आता प्रांताला शंभर वर्षं झाली म्हणून ती खाली काढली, आणि जे आहे ते स्वल्पविरामासकट छापायचं ठरलं.

तेक्लाचा राग लगेच दुसरीकडे वळला. मग हे थोरल्या दिराचं काम. बैलावर त्याचाच जीव होता.

"दाखव कागद."

"राहू द्या ना, मावशी. नवीन लिहून द्या, मी बदलतो. कुणी लिहिलं ते बघून काय करायचंय?"

"दाखव म्हणते ना."

त्याने पेटीतून एक रेघांचा कागद काढला आणि तिच्याकडे न बघता पुढे केला. तेक्लाने तो खिडकीशी नेला. निळी शाई. उजवीकडे झुकलेली, लांब शेपट्यांची अक्षरं, आठवीत बाईंनी छड्या मारून गिरवून घेतलेली. खाली सही होती, मिसेस आंद्री हावरिलुक.

तेक्लाने स्वतःच्याच सहीवरून अंगठा फिरवला.

"माझ्या वडिलांचं पान आईच्या हातचं आहे," ओरेस्ट हळूच म्हणाला. "पुरुषाच्या हातचे पाच कागदसुद्धा नाहीत या पेटीत."

तेक्लाने पेन मागितलं. साडेतीनपर्यंत ती लिहीत होती. पहिला शब्द हाफिया. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, समासही भरला. ओरेस्टने ते वाचलं, नाक शिंकरलं आणि जुनं पान काढून तिथे नवं ठेवलं. स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली. तिने नको म्हणून मान हलवली आणि कोट चढवला. राग तसाच होता. फक्त आता तो या टेबलावरच्या कुणावर काढता येत नव्हता.

तो कागद लिहिला ती दुपार तिला आठवली होती. शेगडीवर काकड्यांच्या लोणच्याचं पाणी उकळत होतं, बरण्या धुवायच्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची हाफिया समोर लसूण सोलत होती. तिला इंग्रजी वाचता येत नसे. तेक्लाने घाईघाईने चार ओळी लिहून संपवल्या आणि त्या आपल्या भाषेत तिला वाचून दाखवल्या. बैलाचं ऐकून म्हातारी खुशीत हसली. मग कागद स्वतःकडे ओढून तिने विचारलं, "यात मी कुठे आहे?"

तेक्लाने हसत तिचं चिकट बोट हातात धरलं आणि 'पत्नी' या शब्दावर टेकवलं.