अब्रावरची तालीम

बर दुबईच्या धक्क्यावर जहूर आणि खतीजा पाठीला सॅक लावून उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तिसरी अब्राही, म्हणजे उतारूंची होडी, माणसं भरून खाडीपलीकडे देराला निघून गेली.

"पुढच्या होडीत बसू," खतीजा म्हणाली. आधीच्या दोन्ही वेळा ती हेच म्हणाली होती.

जहूरने घाई केली नाही. देराच्या एका ट्रेडिंग कंपनीत एकतीस वर्षं त्याने मालाचे कागद तयार केले होते. पेनांग, सुराबाया, हायफाँग ही नावं रोज टाइप केली, पण त्यातलं एकही बंदर पाहिलं नव्हतं. महिनाअखेर नोकरी संपणार होती. रत्नागिरीला कायमचं परतायच्या आधी दीड महिना दोघांनीच हिंडायचं, असं त्याने ठरवलं होतं. आधी बँकॉक, मग क्राबीची बेटं, पेनांग, शेवटी लोंबोक. यावेळी दोरीने आवळलेले खोके नाहीत, भाचरांसाठी चॉकलेटं नाहीत. पाठीवर मावेल तेवढंच सामान. मुलीने, इन्शाने, दोन सॅक आणून दिल्या आणि बजावलं, "अब्बा, प्रॅक्टिस फर्स्ट. तिकडे सगळीकडे बोटच आहे."

म्हणून आज रविवारी सकाळी ही तालीम. वजन यावं म्हणून खतीजाने आपल्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरले होते आणि मीना बाजारातून धक्क्यापर्यंत ती ते ओझं घेऊन ताठ चालत आली होती. घोडं अडलं होतं ते होडीपाशी. ती त्याच्याकडे शेजारच्या अजमान शहरात राहायला येऊन अकरा वर्षं झाली, बर दुबईला कितीदा तरी आली. पण दरवेळी पुलावरून टॅक्सीने, नाहीतर खाडीखालून मेट्रोने. होडीत मळमळतं, असं ती सांगायची. जहूरने त्यावर कधी शंका घेतली नव्हती.

चौथी अब्रा लागली.

"नको असेल तर राहू दे, खतीजा," तो म्हणाला. "तिकिटं रद्द करतो. सरळ घरी जाऊ."

तिने एकवार त्याच्याकडे पाहिलं, दुपट्टा नीट केला आणि होडीत पाय टाकला.

मधल्या लांब बाकावर माणसं पाण्याकडे तोंड करून बसली होती. समोर कठडा नव्हता. दोघांनी सॅक मांडीवर घेतल्या. खतीजाने त्याच्या उजव्या हाताची बोटं आपल्या मुठीत धरली. "यल्ला, यल्ला," म्हणत नावाड्याने इंजिन सुरू केलं आणि धक्का मागे सरकू लागला.

खाडीच्या मध्यावर एक मोठं गलबत शेजारून गेलं. त्याच्या लाटेने अब्रा डावीकडे कलली, मग उजवीकडे. खतीजाची नखं त्याच्या बोटांत रुतली.

"दुखतंय गं," तो हसून म्हणाला.

ती हसली नाही. पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "इन्शाचे अब्बा, मला होडीत मळमळत नाही."

"मग?"

"आमच्या गावच्या खाडीत तरीची होडी उलटली होती. मी सात वर्षांची, यम्नाआपा अकराची."

तिची एक बहीण लहानपणी बुडून गेली, एवढं जहूरला ठाऊक होतं. तिच्या माहेरी तो विषय कोणी काढत नसे.

"सगळे म्हणतात, आपाचा हात सुटला," खतीजा म्हणाली. "सुटला नव्हता. मी सोडला. माझ्या एका हातात फळी होती, दुसऱ्यात आपा. ती मला खाली ओढत होती."

तू लहान होतीस, तुझा काय दोष, असं बरंच काही जहूरच्या तोंडाशी आलं. पण तेहतीस वर्षांच्या संसारात तिने जे सांगितलं नव्हतं, त्याला इतकं पटकन उत्तर देणं त्याला बरं वाटेना.

"तुझ्या अम्मीला माहीत होतं?" त्याने हळू विचारलं.

"कोणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

"मग आता का सांगितलंस?"

"तिकडे सगळीकडे होड्याच आहेत ना. मी तुमचा हात असाच धरणार. दुखला तरी सोडवून घेऊ नका. का धरलाय, ते तुम्हाला माहीत असलेलं बरं."

जहूर म्हणाला, "खरंच रद्द करू या. माझं काही अडलेलं नाही."

"मी म्हटलं का, रद्द करा म्हणून?" आता ती त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घरातल्यासारखाच होता. "तुम्ही तुमचं पेनांग बघा. मला लोंबोक बघायचंय."

देराचा धक्का आला. जहूर आधी उतरला. होडी आणि धक्का यांच्यामधली पाण्याची फट खतीजाने क्षणभर न्याहाळली आणि ती ओलांडली. सॅक पुन्हा पाठीवर चढल्या. दोघं मसाल्याच्या गल्लीत शिरले, तरी तिच्या हातातला हात तसाच होता. गावात तर सोडाच, अजमानच्या समुद्रकाठीही ते असे कधी चालले नव्हते.

वळणावर जहूरच्या ऑफिसातला हम्माद भेटला. "सलामालेकुम, जहूरभाई. आज सुट्टीच्या दिवशी इकडे कुठे?" म्हणत त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

खतीजाने ओशाळून बोटं सैल केली. जहूरने ती घट्ट धरली, डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "वालेकुम सलाम."