मला आता

"रॅम वाढवू, की जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू?" दुकानदाराने विचारलं. "दोन्ही केलंत तर झकास."

"दोन्ही झेपायचं नाही. ह्यांचं वाक्य मधेच अडकतं, तेवढं थांबेल असं काहीतरी द्या."

ह्यांचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. अंगावरून वारं गेलं तेव्हा त्याची वाचाही गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाने माउस दाबत तो स्क्रीनवर एकेक अक्षर उमटवायचा. पण "मला आता" एवढं झालं, की कॉम्प्युटरचं ते जुनं डबडं मान टाकायचं. मग पुढचं ती ओळखायची. "भूक लागली ना? कूस बदलायची? थांबा, आलेच." दोन वर्षांत तिने त्याचं एकही वाक्य अर्धं राहू दिलं नव्हतं.

एसएसडी बसली. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. ती खुर्ची ओढून कौतुकाने त्याच्या शेजारी बसली. बोट हलत राहिलं, अक्षरं उमटत गेली.

"मला आता जाऊ दे गं."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आत ती पायरीवर उभी होती.

"जुनी हार्ड डिस्क टाकून नाही ना दिलीत? तीच परत बसवून द्या."

"का हो काकू? नवी नीट चालत नाही का?"

"चालते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत चालते."