साडूची बॅटरी

"दोन्ही बॅटऱ्यांना दिवे जोडा, मिस्त्री. कुठला आधी विझतो ते कळवा," दिवाणजी म्हणाले. संस्थानच्या नव्या मोटारीसाठी एक बॅटरी विलायतेहून आली होती. दुसरी माझ्या धाकट्या साडूने घरी शिसं ओतून बनवली होती. थोरला जावई मी, पण सासरवाडीला हल्ली पहिलं ताट त्याला वाढतात.

साडूला फाटकाबाहेर थांबवून मी दिव्यांपुढे बसलो. दुपारी विलायती बॅटरीचा दिवा विझला. साडूचा दिवेलागणीपर्यंत लख्ख जळत होता. मला बघवेना. मीच तार उपटली. दिवाणजींना म्हणालो, "विलायतीच घ्या. घरची टिकत नाही."

फाटकावर साडूलाही तेच सांगितलं. त्याने मला घरी नेऊन बॅटरीतलं तेजाब ओतून टाकलं, शिशाच्या पट्ट्या माझ्यापुढे मांडल्या आणि विचारलं, "साडूभाऊ, तुमची नजर पक्की. यातली खराब कुठली?"

एकही खराब नव्हती. तोंडावर आलं होतं, पण गिळलं. मधल्या एका पट्टीवर बोट ठेवलं.

"मलाही तीच वाटत होती," म्हणत त्याने ती वितळवायला कढईत टाकली.