आठवी बाई

केनान व्यापाऱ्याने गुलदानेमावशीचा गालिचा पायानेच बाजूला सारला.

"हा नको, होजा. बाकीचे सदतीस नेतो."

इमाम नियाझी होजांनी पाठ सरळ केली. सकाळपासून मशिदीतले जुने गालिचे गुंडाळून त्यांची कंबर धरली होती. बदल्यात कारखान्यातला जाड, एकसलग लाल गालिचा येणार होता. म्हाताऱ्यांचे गुडघे गारठतात म्हणून गावानेच तसं ठरवलं होतं. पण एकेक गालिचा उचलताना होजांना एकेक माणूस आठवत होतं. या गावात शवपेटी घरच्या गालिच्यात गुंडाळून आणतात, आणि दफन झालं की गालिचा मशिदीतच राहतो.

मावशी दारात काठी टेकून उभी होती. नवऱ्याला ज्यात गुंडाळून आणलं तो गालिचा नेऊ देणार नाही, असं गावभर सांगत तरातरा आली होती. आता तिचं तोंड एवढंसं झालं.

"का रे? काय खोट आहे त्यात?"

"मावशी, गुडघ्यांनी झिजून पार सुतं दिसायला लागलीत. आणि नक्षी बघा. कमरेवर हात ठेवलेल्या सात बाया, अन् ही आठवी थोटी! विणताना डुलकी लागली होती की काय?"

"माझ्या आईनं विणलाय. आठवीपाशी आली आणि तिचा पहिला मुलगा गेला. कमरेवर हात ठेवून उभं राहायला बळ कुठून आणायचं तिनं?"

केनानने मान खाली घातली. गालिचा मात्र घेतला नाही.

होजांना हायसं वाटलं, आणि लगेच नवी चिंता लागली. नव्या गालिच्यावर हा फाटका कुठे टाकायचा?

"घरी घेऊन जा, मावशी."

"दिलेलं परत नेतात का?" मावशी खाली बसली. थोट्या बाईवरून तिने हात फिरवला. मग केनानकडे बोट दाखवत म्हणाली, "घरातला शेवटचा गालिचा माझ्या मुलानं गेल्या वर्षी यालाच विकला. हा राहू दे इथंच. मला इथं आणतील तेव्हा लागेल."

होजांनी गालिचा गुंडाळून उचलला आणि शवपेटी ठेवतात त्या खोलीकडे निघाले.

"होजा," मागून मावशीने हाक मारली, "फार घट्ट बांधू नका हो. लवकरच सोडावा लागेल."