फुग्यात न मावणारा विलाप

राजाला काही केल्या रडू फुटत नव्हतं. चित्रकारानं आभाळ काळंकुट्ट केलं, मशाली विझवल्या, राजाच्या गालांवरून धारा काढल्या. तरी संपादकानं पान पुन्हा परत केलं. "शाई भरपूर आहे हो. दुःख कुठंय?"

जुनं शोकनाटक होतं. रागाच्या भरात राजा राणीला हाकलून देतो. चूक कळून तिला शोधत जातो, तेव्हा ती हे जग सोडून गेलेली असते. त्याचं आता कॉमिक निघत होतं आणि शेवटचं पान तेवढं अडलं होतं.

चित्रं चित्रकाराची, अक्षरं त्याच्या बायकोची. लग्नाआधीपासून दोघं एकाच टेबलावर काम करत आले होते. दीड वर्षापूर्वी एका भांडणात तो "चालती हो" म्हणाला, आणि ती खरोखरच चालती झाली. बहिणीकडे राहिली. काम मात्र दोघांनीही सोडलं नाही. पानं संपादकामार्फत जायची, संवादांचे फुगे भरून परत यायची. तिचं अक्षर घरी यायचं, ती यायची नाही. तो प्रत्येक पान खिडकीशी नेऊन किती तरी वेळ बघत बसायचा. मजकूर वाचायचाच नाही.

त्या दुपारी फोन वाजला. तिचा होता.

"शेवटच्या पानाची प्रत मिळाली," ती म्हणाली. ना नमस्कार, ना चमत्कार. "राजाचा विलाप फुग्यात मावत नाहीये."

"फुगा मोठा करतो."

"नको. अख्ख्या आभाळाला तूच रडवून ठेवलंयस, मग राजानं करायचं काय? ते सगळं काढून टाक. त्याला नुसता बसव. शेजारची जागा मोकळी सोड."

त्यानं कोरा कागद ओढला. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि चार रेघांत राजा बसवला. शेजारी काहीच काढलं नाही. त्या रिकाम्या जागेकडे त्याला बघवेना.

"झालं?"

"झालं."

"आता विलापातलं काय ठेवू?"

"काहीच नको. नुसती हाक ठेव. तिचं नाव."

"राणीचं ना?" तिनं विचारलं. कामापुरतंच.

त्याला "हो" म्हणता येईना. राणीचं नाव त्याला पाठ होतं, पण ओठांवर येत नव्हतं. दीड वर्ष गिळून ठेवलेलं दुसरंच नाव घशाशी आलं होतं. हातातली पेन्सिल खाली ठेवून त्यानं डोळे मिटले आणि तिला हाक मारली.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग तिनं ओ दिली.